हद्दीवरची हाक

चुलीवरच्या किटलीचं झाकण मधूनच थडथडत होतं, तेवढाच काय तो आवाज. खोपटाच्या मालकीण पेमादिदींनी तीन कप भरून आमच्यापुढे ठेवले होते आणि तिन्ही कपांतल्या चहावर साय धरू लागली होती. दाराच्या फटीतून धुकं आत येत होतं आणि चुलीजवळ येऊन विरत होतं.

आज शिखरावर जायचं का, हा प्रश्न भावोजींनी विचारला होता, आणि तो अजून हवेत तसाच होता.

बिर्ख राई आमचे वाटाडे. पन्नाशीच्या पुढचे, बुटके, रुंद खांद्यांचे. तिकडे थोरल्या भावाला ‘दाजू’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना दाजूच म्हणत होतो. भारत आणि नेपाळ यांच्या मधोमध जाणाऱ्या त्या लांबलचक धारेवरून चार दिवस ते आमच्या पुढे चालत आले होते. पाठीवर वेताची उभी टोपली, तिचा पट्टा कपाळावर. त्या टोपलीला ते डोको म्हणत. आमचं निम्मं ओझं तिच्यातच होतं.

“साब,” अखेर ते म्हणाले, “ऊपर के नाले में बरफ सख्त हो गया है. पाँव नहीं टिकेगा. कल देखेंगे.”

“कल तो नीचे जीप आएगी,” भावोजी म्हणाले. “आज नहीं तो फिर नहीं.”

दाजूंनी खांदे उडवले. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

निघताना मिरज स्टेशनवर ताईनं मला खांबाआड ओढलं होतं. “हे हट्ट धरतील. लहान मुलासारखे धरतील. त्यांचं काही ऐकू नकोस. नेतोयस तसे परत आण, उन्मेष. बाकी मला काही माहीत नाही.” दोन वर्षांपूर्वी भावोजींच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. डॉक्टरांनी नाइलाजानं ‘एवढं एकदाच’ म्हटलं होतं. ताईनं तेवढंही म्हटलं नव्हतं.

म्हणजे मी ‘नको’ म्हणायचं होतं. सोपं होतं ते.

पण एम. ए. होऊन तीन वर्षं मी त्यांच्या घरी जेवत होतो, त्यांच्या गच्चीवर बसून कविता खोडत होतो, आणि ‘पुढं काय?’ हा प्रश्न त्या माणसानं मला एकदाही विचारला नव्हता. माझ्याकडे त्यांनी कधी काही मागितलंच नव्हतं. आताही मागत नव्हते. नुसते बघत होते.

“जाऊ या,” मी म्हणालो.

दाजूंनी चहा एका घोटात संपवला आणि पट्टा कपाळावर घेतला.

भावोजी मोजणी खात्यात होते. वीस वर्षं त्यांनी लोकांचे बांध मोजले होते. टेप आणि खुणेचे दगड घेऊन ज्या ज्या शिवारात ते उतरले, तिथं दोन भाऊ समोरासमोर उभे असलेले त्यांनी पाहिले होते, एकाच्या हातात सातबारा आणि दुसऱ्याच्या हातात कुऱ्हाड. या शिखराबद्दल त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. बारा हजार फुटांवर दोन देशांच्या हद्दीचा एक दगड उभा आहे, त्याच्या आसपास वस्ती नाही, कुंपण नाही, पहारा नाही. तेव्हापासून तो दगड त्यांच्या डोक्यात रुतून बसला होता. “भांडण नसलेली एक तरी हद्द बघायचीय रे,” ते म्हणाले होते. “एकदा हात लावायचाय. बस.”

वाटेवर असे लहान दगड अधूनमधून भेटतच होते. नंबर घातलेले, एका बाजूला शेवाळलेले. गुरांसच्या, म्हणजे तिकडच्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या, बुटक्या झुडपांत कळ्या अजून मिटलेल्या होत्या, लाल काहीतरी मुठीत गच्च धरून ठेवल्यासारख्या.

“दाजू, ये पत्थर रात को कोई सरकाता नहीं?” भावोजींनी विचारलं.

“कौन सरकाएगा साब? इतना भारी.”

“आमच्याकडं सरकवतात! हमारे यहाँ हर साल. नांगराचं एक तास पलीकडचं ओढायचं, पुढच्या साली आणखी एक. दहा वर्षांत दगड चालत चालत शेजाऱ्याच्या विहिरीपाशी.”

हिंदी आणि मराठीच्या त्या खिचडीतून दाजूंना काय कळलं कोण जाणे, पण ते हसले. “मेरा घर उधर, खेत इधर,” काठीनं दोन्हीकडे दाखवत ते म्हणाले. “मैं तो जानता हूँ. गाय को आज तक मालूम नहीं.”

भावोजी इतके हसले की त्यांना दम लागला. ते दगडावर टेकले, मी त्यांची नाडी पाहायला हात पुढे केला, आणि त्यांनी तो झटकला.

“तुझ्या ताईचा हात आहे हा. तुझा दे, मग बघू.”

नाला अरुंद होता. धारेच्या अंगावरून खाली उतरलेली एक घळ, अठरा-वीस पावलांची, जुन्या बर्फानं काठोकाठ भरलेली. दाजूंनी टाचेनं एकेक पायरी खोदली, आणि जाताना आम्ही ती सहज ओलांडली. इतकी सहज, की दाजूंनी सकाळी उगाच घाबरवलं असं मला वाटून गेलं.

शिखरावर काहीही दिसलं नाही. जगातल्या उंच डोंगरांची ओळ तिथून समोर दिसते म्हणतात. आमच्यासमोर एक पांढरी, कोरी भिंत होती. मधोमध तो दगड. भावोजी त्याच्याजवळ गेले, त्यांनी हातमोजा काढला आणि तळवा त्याच्या माथ्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मला वाटलं ते डोळे पुसतील. त्यांनी खिशातून टेप काढला.

“धर रे.”

“भावोजी, काय हे?”

“धर तर. खाली टेकव नीट. दोन फूट सात इंच.” त्यांनी टेप सर्रकन आत सोडला. “लिहून ठेव.”

“कशाला?”

“मोजलं की आपलं होतं.”

“हे कुणाचंच नाही.”

“म्हणून तर,” ते म्हणाले आणि एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून दगडावर घोड्यावर बसावं तसे बसले. दाजूंनी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. तो अजून ताईच्या दिवाणखान्यात आहे. चेहरा धुक्यात विरघळलाय, हसू तेवढं शाबूत राहिलंय.

उतरताना धुकं दाट झालं. नाल्याशी आलो तेव्हा पलीकडचा काठ पुसट दिसत होता. दाजू आधी गेले. पायऱ्यांवरून पुन्हा एकदा टाच मारत पलीकडे पोचले आणि वळून उभे राहिले. मग भावोजी. मी अलीकडच्या काठावर थांबलो होतो, ते पोचले की निघायचं म्हणून.

ते मधोमध असताना त्यांचा डावा पाय पायरीतून सुटला.

ओरडणं वगैरे काही झालं नाही. ते बसल्यासारखे झाले, आणि बसलेल्या अवस्थेतच खाली जाऊ लागले, घसरगुंडीवरच्या मोठ्या, गंभीर मुलासारखे. वीसेक फूट गेले. नेपाळच्या बाजूला. तिथं बर्फातून वर आलेल्या एका झुडपात त्यांचा हात अडकला आणि ते थांबले. त्यांच्या बुटांच्या खाली फक्त पांढरं होतं. ते बर्फ होतं की धुकं, सांगता येत नव्हतं.

पलीकडच्या काठावर दाजूंनी डोको पाठीवरून फेकलं.

“थांब!” मी ओरडलो.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. दाजू बर्फावर आडवे पडले, सरकत खाली गेले, टाच कुठंतरी रुतवली आणि झुडूप मुळातून उपटलं जात असतानाच त्यांनी भावोजींचं मनगट पकडलं. भावोजींचं सगळं वजन त्या एका हातावर आलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज मी इकडे ऐकला.

वर यायला त्यांना पाव तास लागला असेल. भावोजींना पलीकडच्या खडकाला टेकवून बसवल्यावर दाजू नाल्यात पुन्हा उतरले आणि माझ्यासाठी अलीकडे आले. उजवा हात लोंबत होता. त्यांनी डावा पुढे केला.

“आओ, भाई,” ते म्हणाले.

खोपटात पोचलो तेव्हा दुपार होती. पेमादिदींनी मोहरीचं तेल गरम केलं, दाजूंचा खांदा उघडा केला आणि त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. खांदा सुजून निळा झाला होता. त्या तेल चोळत होत्या आणि दाजू दात आवळून त्यांना नेपाळीत सगळी हकीकत सांगत होते. एक वाक्य मला लख्ख ऐकू आलं.

“भाइले ‘थाम्’ भन्यो. मैले थामें.”

“काय म्हणतायत?” भावोजींनी विचारलं. ते दोन गोधड्या पांघरून चुलीला चिकटून बसले होते.

पेमादिदींनी हवेत मूठ आवळून दाखवली. “बोलता है, भाई ने ऊपर से आवाज दिया, ‘थाम्’. हमारी बोली में थाम् मतलब पकड़ो, सँभालो. भाई ने बोला, तो इसने पकड़ा.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अच्छा किया भाई. डर में आदमी का गला बंद हो जाता है.”

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

दिदी दाजूंना आतल्या खोलीत निजवायला घेऊन गेल्या. चुलीपाशी आम्ही दोघंच उरलो. भावोजी आपल्याशीच हसू लागले.

“थाम् म्हणे! अरे, तू तर मला ‘थांब’ म्हणत होतास. घसरणाऱ्या माणसाला ‘थांब’! मी काय एस.टी. आहे का रे, हात केला की थांबायला?”

मीही हसलो. हसणं भाग होतं.

“एका हाकेत दोन कामं केलीस,” ते म्हणाले. “तिकडं त्यांना सांगितलंस, इकडं मला.” मग त्यांनी विस्तवात एक काटकी सरकवली. “एक सांगू? लग्नाला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत तू मला कधी ‘अरे’ म्हणाला नाहीस. ‘भावोजी, बसा. भावोजी, जेवा.’ घरात राहूनसुद्धा पाहुण्यासारखा. आणि आज मी खाली चाललो तेव्हा ‘थांबा’ नाही म्हणालास. ‘थांब’ म्हणालास.” त्यांनी गोधडी खांद्यावर ओढून घेतली. “बरं वाटलं रे. काय सांगू, फार बरं वाटलं.”

माझ्या हातात कप होता. तो मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. भावोजी ती अजून सांगतात. बारशाला सांगतात, साखरपुड्याला सांगतात, नवा जावई घरात आला की त्याला समोर बसवून सांगतात. ‘थाम्’पाशी आले की मूठ आवळतात आणि ‘थांब’पाशी आले की माझ्या पाठीवर थाप मारतात. ताई दर वेळी तिथं डोळ्यांना पदर लावते. “नेलेस तसे आणलेस,” ती म्हणते.

आम्ही खाली उतरायला निघालो त्या दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. काल लपलेली ती सगळी शिखरं आज समोर ओळीनं उभी होती आणि कुणालाही त्यांच्याकडे बघायची फारशी इच्छा नव्हती. दाजूंचा हात पेमादिदींच्या शालीत बांधून गळ्यात अडकवला होता. डोको मी घेतलं होतं. पट्टा कपाळावर घेतला की मान आपोआप खाली जाते आणि पुढच्या माणसाच्या टाचांखेरीज काही दिसत नाही. मी दाजूंच्या टाचा पाहत चाललो होतो. भावोजी काठी टेकत आमच्या मागून येत होते.

“खांदा बरा होईल ना दाजू?” मी दोनदा विचारलं.

“हो जाएगा.”

“काम?”

“एक महीना बैठूँगा. गाय खुश होगी.”

एवढ्यात मागून भावोजींचा आवाज आला. त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती आणि ते वाकून ती बांधत होते.

“अहो दाजू, थांबा जरा!”

माझ्या डोळ्यांसमोरच्या टाचा थांबल्या.

एक पाऊलही पुढे पडलं नाही. दाजूंनी मागे वळून पाहिलं नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही, आधारासाठी काही पकडलं नाही. ते नुसते थांबले. बैलाला ओळखीचा शब्द कळावा इतक्या सहज थांबले. आणि मला उमगलं की गेले चार दिवस हेच चाललं होतं. भावोजींना धाप लागायची, ते मागून ‘थांबा हो’ म्हणायचे, आणि पुढचा माणूस थांबायचा. दिवसातून वीस-वीस वेळा.

मी डोकोखाली वाकून उभा होतो. घाम कपाळावरून पट्ट्यात झिरपत होता.

“चला!” भावोजी मागून ओरडले, आणि टाचा पुन्हा चालू लागल्या.

तासाभरानं वाटेचा फाटा आला. डावीकडची वाट आमच्या बाजूच्या गाडीरस्त्याकडे उतरत होती. खाली वळणावर जीप दिसत होती. उजवीकडची पाऊलवाट दाजूंच्या घराकडे, पलीकडच्या देशात जात होती. भावोजींनी दाजूंचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांना काही बोलायचं होतं, पण त्यांची हिंदी त्या ठिकाणी संपली. “येतो दाजू,” ते मराठीतच म्हणाले, त्यांनी डोळे मिचकावले आणि काठी टेकत जीपच्या दिशेनं निघाले.

मी डोकोतलं आमचं सामान काढून घेतलं. दाजूंचं घोंगडं, एक भांडं आणि मिठाची पुडी तेवढी आत उरली.

“दाजू,” मी म्हणालो. “कल मैंने ‘थाम्’ नहीं बोला था.”

ते शालीची गाठ दातांनी घट्ट करत होते.

“मैं साब को भी नहीं बोल रहा था.”

भावोजींना मी ‘थांब’ म्हणूच शकलो नसतो. शंभर फुटांवरून घसरले असते तरी माझ्या तोंडून ‘थांबा’च आलं असतं, ती सवय हाडात होती. काल नाल्याच्या काठावर मी भावोजींकडे पाहतच नव्हतो. मी पलीकडच्या काठावरच्या माणसाकडे पाहत होतो. त्यानं डोको फेकलं, तो वाकला, आणि माझ्या मनात एकच गोष्ट आली की हाही गेला तर मी एकटा उरतो. या धुक्यात, या बर्फाच्या अलीकडे, वाट माहीत नसलेला मी. चार दिवस ज्यांना दाजू दाजू म्हणालो, त्यांच्यासाठी त्या क्षणी माझ्याकडे ‘दाजू’ नव्हतं, ‘थांबा’ही नव्हतं. होतं ते नुसतं ‘थांब’.

यातलं हिंदीत मला एवढंच सांगता आलं, “मैं आपको रोक रहा था. आप नीचे जा रहे थे. मैं डर गया था, अपने लिए.”

दाजूंनी दातांतून गाठ सोडली. खाली जीपकडे चाललेल्या भावोजींकडे एकदा पाहिलं.

“साब का घुटना देखना,” ते म्हणाले. “उतार में दर्द करेगा. बोलेगा नहीं वो.”

“देखूँगा.”

ते डोकोपुढे पाठमोरे बसले आणि कपाळ थोडं वर करून थांबले. एका हातानं पट्टा लावता येत नव्हता. मी वाकून तो त्यांच्या कपाळावर बसवला. त्या जागी कातडी जाड झाली होती, बोटांना कळत होतं. ते गुडघ्यावर जोर देऊन उठले.

“दाजू, आपको मालूम था ना?” मी विचारलं. “थांब का मतलब. उसी वक्त मालूम था?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी दारात उभं राहून आभाळाकडे पाहावं तसं, शांतपणे, घाई न करता. खालून जीपचा हॉर्न वाजला. मग ते वळले, पहिल्या उतारावर पाऊल आडवं टाकून त्यांनी तोल सावरला, आणि पलीकडच्या वाटेनं खाली चालू लागले.